शकुनाचा गोल

वाशीममध्ये माझ्या वयाचे चार-दोन म्हातारे अजून जिवंत आहेत. मला पाहिलं की ते एकमेकाला कोपर मारतात आणि म्हणतात, "हाच तो, शकुन मोडनारा." पन्नास वर्षं होत आली, तरी यांचं तेच. म्हणून आधी स्पष्ट सांगतो. मी शकुन मोडला नाही. मी बॉल अडवला. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याच्यासंगं मी चहासुद्धा पीत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं आहे, पण जे झालं ते मला सरळ सांगता येतं.

दुष्काळ सरल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा अकोलाच होता. स्टेशनाकडच्या रस्त्याला एका शेठजींची जिनिंग होती, आणि त्या जिनिंगचा फुटबॉल क्लब होता. शेठजींच्या वडिलांना शौक होता, त्यांनी तो काढला. शेठजींना बॉल गोल असतो यापेक्षा जास्त माहीत नव्हतं, पण बापानं लावलेलं झाड म्हणून ते पाणी घालत होते.

क्लबच्या तीन टीम होत्या. पहिली, दुसरी आणि लहान. पहिल्या टीममध्ये सारे बाहेरून आणलेले. कोणी कामठीचा, कोणी नागपूरचा, कप्तान तर जबलपूरकडचा. ते खेळण्याचाच पगार घेत. जिनिंगच्या हजेरीत त्यांना फिटर म्हणून दाखवलेलं, पण त्यांच्यातल्या एकालाही पाना कोणत्या हातात धरतात हे माहीत नव्हतं. त्यांना राहायला जिनिंगच्या मागच्या खोल्या, सकाळी दूध-बदाम, संध्याकाळी तुपाची पोळी. शेठजी जैन, त्यामुळे आवारात अंडं चालत नसे. मग हे फिटर स्टेशनासमोरच्या हॉटेलात जाऊन आमलेट खात आणि येताना तोंडात बडीशेप टाकत.

दुसरी टीम आमची. आम्ही गावचे पोट्टे. कोणी जिनिंगमध्ये गाठी बांधणारा, कोणी हमाल, कोणी केनवडकडून शिकायला येऊन शिक्षण सोडून बसलेला. आम्हाला भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा. पहिल्या टीमचे जुने बूट आम्हाला मिळत. माझ्या वाट्याला आलेला जोड दोन बोटं मोठा होता. मी पुढच्या टोकात रुई कोंबून घालत होतो. जिनिंगमध्ये रुईला काय तोटा! मैदानावर चुना मारणं, सायकलच्या पंपानं बॉलमध्ये हवा भरणं, गोलाच्या बल्ल्यांना जाळी बांधणं, सारं आमच्याकडे. जाळी तळ्यावरच्या भोयांकडून आणलेली, मासे धरायची. पाऊस पडला की तिला वास यायचा आणि पहिल्या टीमचा गोलकी नाकाला रुमाल लावून उभा राहायचा.

मी दुसऱ्या टीमचा गोलकी. बावीस-तेवीस वर्षांचा. चार वर्षं मी त्या बल्ल्यांमध्ये उभा होतो आणि त्या चार वर्षांत पहिल्या टीमच्या ट्रकमध्ये एकदाही बसलो नव्हतो. मला तेवढंच पाहिजे होतं. ट्रकमध्ये बसून अकोल्याला जाणं आणि तिथल्या मैदानावर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, एकदा गोल राखणं. दुसरं काही मी मागितलं नाही. पगार मागितला नाही, बदाम मागितले नाहीत.

लहान टीम म्हणजे बारा ते सोळाचे पोट्टे. त्यांना सकाळी शिकवायचं काम क्लबच्या उस्तादांचं. उस्ताद फौजेतून आलेले, मिशी पांढरी, शिट्टी गळ्यात. पण सकाळी उस्तादांची झोप मोडत नसे, म्हणून ते मला म्हणाले, "तू पाह्य." मी पाहिलं. चार वर्षं रोज सकाळी मी त्या पोट्ट्यांना पळवलं, अंगावर घ्यायला शिकवलं, बॉलच्या मागे अंग कसं टाकायचं ते शिकवलं. मी त्यांना एकच गोष्ट घोकून घेत होतो. "बॉल कोनी मारला हे पाहाचं नाई. शेठजीनं मारो का कुत्र्यानं ढकलो, गोलाकडे आला की अडवाचा." माझ्या हाताखालचे सहा पोट्टे दोन वर्षांत दुसऱ्या टीमला चढले. चांगले निघाले. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. जे होतं ते होतं.

आता शकुनाची गोष्ट.

अकोल्याच्या स्पर्धेला निघायच्या आधी पहिली टीम आणि दुसरी टीम यांची मॅच व्हायची. सारं गाव यायचं. त्या मॅचमध्ये पहिल्या टीमनं जिंकायचंच, आणि शेवटचा गोल कप्तानानं मारायचा. तो गोल झाला की शेठजी ताट घेऊन मैदानात येत. बॉलला कुंकू लावत, बल्लीच्या बुडाशी नारळ फोडत, आणि तोच बॉल ट्रकमध्ये ठेवून टीम अकोल्याला निघे. तो शकुनाचा गोल. शेठजींच्या वडिलांच्या वेळी एकदा असं सहज घडलं होतं आणि त्या वर्षी टीम कप घेऊन आली होती, तेव्हापासून रीत पडली. एकदा सहज झालेली गोष्ट आपल्याकडे पुढच्या वर्षी धर्म होते.

तो गोल घेणारा, म्हणजे होऊ देणारा, मीच. तीन वर्षं मी घेतला. खोटं कशाला बोलू? पण तेव्हा कप्तान बॉल मारत तर होता. जोरात मारायचा, कोपऱ्यात मारायचा. मी उडी थोडी उशिरा टाकायचो, एवढंच. अर्धा गोल त्याचा असायचा, अर्धा माझा. मनाला समजावता येत होतं.

चौथ्या वर्षी निघायच्या आठ दिवस आधी पहिल्या टीमच्या गोलकीचं मनगट मुरगळलं. मॅचमध्ये नाही, राजेहो. विहिरीवर बादली ओढताना. मनगट दुधी भोपळ्यासारखं सुजलं. हळद-चुन्याचा लेप लावला, कामरगावच्या हाडवैद्याकडून ओढून आणलं, तरी त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. वाशीममध्ये तेव्हा दुसरा गोलकी मीच होतो. तिसरा शोधायचा तर कारंज्यापर्यंत जावं लागलं असतं.

उस्तादांनी मला जिनिंगच्या फाटकाजवळ गाठलं.

"नशीब खुललं तुहं," ते म्हणाले. "अकोल्याले तू उभा राह्यशीन."

"खरंच उस्ताद?"

"खरंच म्हंजे काय? दुसरा हाय कोन? पन पहिले रविवारची मॅच. शकुनाचा गोल नीट घेशीन, मंग गाडीत बसशीन."

मी हाव म्हणालो. होकार दिला, हे मी लपवत नाही. मी हाव म्हणालो, आणि घरी येऊन मायला सांगितलं, मायनं माझी चड्डी-बनियन धुऊन दोरीवर टाकली, शेजारणीला बोलावून सांगितलं की पोरगा अकोल्याला खेळायला चालला. शेजारीण म्हणाली, "खेळाले जाऊन राह्यला, का नोकरीले?" माय म्हणाली, "कायले का जायना, जाऊन तर राह्यला!"

रविवारी मैदानाच्या चारी बाजूला माणसं. बैलगाड्या उभ्या. शेठजी खुर्चीवर, शेजारी ताट झाकून ठेवलेलं. लहान टीमचे पोट्टे माझ्या गोलाच्या मागे, जाळीला नाकं लावून बसलेले. तीच त्यांची जागा. मी त्यांना चार वर्षांत दुसरीकडे बसलेलं पाहिलं नाही.

त्या दिवशी आमची दुसरी टीम काही वेगळीच खेळली. माझे सहा पोट्टे होते ना त्यात. त्यांना शकुन माहीत होता, पण शकुन शेवटी, त्याच्या आधी काय ते कोणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्या टीमच्या पायातून बॉल काढू लागले. आमच्या लेफ्टआउटनं, मेडशीच्या एका सुताराच्या पोरानं, त्या कामठीच्या बॅकला असं चकवलं की तो बसलाच खाली. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "फिटरसाहेब, नट ढिला झाला काय?"

आपल्यावर लोक हसण्याची पहिल्या टीमला सवय नव्हती. अर्धी मॅच झाली, गोल नाही. पाऊण झाली, गोल नाही. मी दोन चांगले बॉल काढले, एक तर बल्लीला घासून जाणारा, बोटाच्या टोकानं. मागून पोट्टे ओरडले, "भाऊ! भाऊ!" तेव्हा मला वाटलं, हे अकोल्याला पण असंच होईल.

मग उस्तादांनी घड्याळ पाहिलं आणि कप्तानाला खूण केली. साऱ्या मैदानाला कळलं, आता शकुन. आमचे बॅक बाजूला झाले, ठरल्याप्रमाणे. कप्तान बॉल घेऊन आला. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. समोर कोणी नाही.

आणि त्यानं बॉल मारला नाही. ढकलला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही, मान वळवून शेठजींच्या खुर्चीकडे पाहत होता, आणि बुटाच्या आतल्या बाजूनं बॉल असा हलकेच सोडला की जसा जेवण झाल्यावर माणूस दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकतो. बॉल लोळत लोळत माझ्याकडे आला. सरळ माझ्या पायाशी. तो आत जायचा तर मला बाजूला व्हावं लागणार होतं. उडी उशिरा टाकून भागणार नव्हतं. पाहुण्याला वाट दिल्यासारखं सरकावं लागणार होतं, चार वर्षं शिकवलेल्या पोरांच्या डोळ्यांसमोर.

मी पाय ठेवला. बॉल थांबला.

शेठजी ताट घेऊन अर्धे उठले होते, ते तसेच वाकून राहिले.

"सोड बे," कप्तान हळूच म्हणाला.

"मार ना नीट," मी म्हणालो. "पाह्यतो, जाते काय ते."

"पागल है क्या? शकुन है."

"शकुन हाय तर मार. ढकलते कायले?"

उस्ताद शिट्टी वाजवत धावत आले. त्यांच्या मिशीवर घाम. "काय लावलं बे हे? काहून अडवला?"

"बॉल आला, मी धरला. माहं काय चुकलं?"

"तुले सांगतलं होतं ना?"

"तुमी गोल घे म्हणले होते उस्ताद. बाजूले हो, असं नोते म्हणले. यानं पायानं झाडू मारल्यावानी केलं. त्याले म्हना, जोरात मार. गेला तर गेला."

उस्तादांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाचा चेहरा लाल. त्यानं बॉल मागे नेला आणि या वेळी खरंच मारला, रागानं, पूर्ण ताकदीनं. तो बॉल आत गेला असता तर मी आयुष्यभर गप्प बसलो असतो. पण माझं अंग माझ्या आधी उडालं. बॉल पंजाला लागला आणि बल्लीवरून पलीकडे, एका बैलगाडीच्या चाकावर जाऊन आदळला. बैल दचकला. लोकांमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी "अरे देवा" म्हणालं, दोन्ही आवाज एकाच वेळी आले.

मग त्यांनी काय केलं ते ऐका. उस्तादांनी माझा दंड धरून मला गोलाच्या बाहेर काढलं. रिकाम्या गोलात कप्तानानं बॉल टाकला. रिकाम्या! माणूस नाही, काणूस नाही, नुसती भोयांची जाळी. आणि शेठजींनी त्या बॉलला कुंकू लावलं, नारळ फोडला, लोकांनी खोबऱ्याचे तुकडे वाटून घेतले. रिकाम्या घरात शिरलं तर कोणी पहिलवान होत नाही, पण तो शकुन म्हणे झाला. मग जर झाला, तर मी मोडला कसा? हा माझा प्रश्न आहे. पन्नास वर्षं मी तोच विचारतो आहे.

संध्याकाळी ट्रक निघाला. मी फाटकाजवळ उभा होतो, धुतलेली बनियन पिशवीत. उस्ताद पुढच्या सीटवर बसले, माझ्याकडे पाहिलं नाही. गोलात उभा राहायला त्यांनी त्याच मनगट सुजलेल्या माणसाला नेलं, पट्टी आवळून. ड्रायव्हर मला ओळखत होता. त्यानं गाडी सुरू करताना विचारलं, "येनं नाई?" मी म्हणालो, "जागा नाई म्हनते." ट्रकमध्ये मागे सहा माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती, तिथं कुंकवाचा बॉल ठेवलेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला. एकच मॅच खेळून. तीन गोल खाल्ले होते. ड्रायव्हरनंच मला सांगितलं, "दोन तर त्या सुजल्या हाताच्या बाजूनं गेले. तो हात वर करे, अन् बोंब मारे." आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, मनगट सुजलेला गोलकी उभा केला म्हणून हरले. पण वाशीममध्ये त्या दिवशी शहाणे सारे बाहेरगावी गेले असावेत. पहिल्या टीमनं सांगितलं, शकुन मोडला म्हणून हरलो. उस्तादांनी मान हलवली. आणि गावानं ते धरलं. किराणा दुकानात मी गेलो की दुकानदार म्हणायचा, "आधी तुहं देतो बाप्पा, नाईतर माह्या तराजूले नजर लागन." न्हाव्यानं दाढी करताना म्हटलं, "अडवू नको हां, वस्तरा हाय." साऱ्या गावाला मी चेष्टेला मिळालो.

माय मात्र ठाम होती. शेजारीण बोलायला आली तेव्हा माय म्हणाली, "अडवाच्या कामाले ठेवला, अन् अडवलं म्हून बोलता? मंग तिथी बुजगावनं उभं कराचं होतं."

दिवाळीनंतर शेठजींनी मला दुकानावर बोलावलं. शेठजी वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. त्यांनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"बेटा, मले काय हे शकुन-अपशकुन पटते?" ते म्हणाले. "पन टीम मानते. गाव मानते. तू असं कर. पुढच्या खेपेले नारळ तूच फोड, चार लोकांसमोर म्हन की चुकलो. तुले पहिल्या टीमात घेतो. मी सोता सांगतो उस्तादले."

पहिली टीम. बूट नवे, माझ्या मापाचे. ट्रकमधली जागा. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"शेठजी, नारळ फोडतो. दहा फोडतो. पन चुकलो कशाले म्हनू? मले एक सांगा, माहं काम काय होतं?"

"अडवाचं."

"मंग?"

शेठजी हसले. मग हसू थांबलं. "तू लय अडेल हाय," ते म्हणाले.

"गोलकी अडेलच पाह्यजे शेठजी."

मी उठून आलो. वाईट वाटलं नाही असं नाही. रस्त्यात दोनदा वाटलं, परत जावं आणि म्हणून टाकावं. शब्द आहे, काय लागतं? पण पाय वळले नाहीत.

आठ दिवसांनी उस्तादांनी निरोप पाठवला की सकाळी लहान टीमकडे येऊ नको. एवढं मात्र मला लागलं. दुसऱ्या टीमच्या गोलातूनही काढलं, ते मी समजलो. पण त्या पोट्ट्यांना मी काय वाईट शिकवलं होतं? बॉल अडवायला शिकवलं, हाच गुन्हा! आणि उस्तादांनी सकाळी उठायला सुरुवात केली असेल असं वाटत असेल तर तेही नाही. पोट्टे आपले आपण पळत होते.

पुढच्या वर्षी शकुनाची मॅच झाली तेव्हा मी गेलो. लोक म्हणाले लाज नाही. मी गोलाच्या मागे जाऊन उभा राहिलो, जाळीला लागून. आता गोलात जो उभा होता तो माझ्याच लहान टीममधला, सतरा वर्षांचा, लांब हाताचा पोरगा. पहिल्या टीमचा गोलकी त्या वर्षी सोडून गेला होता, म्हणजे या पोराला तेच सांगितलेलं असणार जे मला सांगितलं होतं. गोल घे, मग गाडीत बस.

कप्तान तोच होता. या वेळी त्यानं बॉल मारला. शिकला होता तेवढं. मारला डाव्या कोपऱ्यात, चांगला, कमरेच्या उंचीनं. आणि पोरानं उडी टाकली. वेळेवर, हात पूर्ण लांब, बोटं ताठ, अंग जमिनीला समांतर, जशी मी चार वर्षं वाळूत त्याच्याकडून टाकून घेतली होती तशीच. उजवीकडे.

टाळ्या पडल्या. शेठजी ताट घेऊन निघाले. पोरगा उठून बॉल आणायला जाळीत वाकला, तेव्हा आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूला समोरासमोर आलो. त्याच्या अंगाला माती. तो बॉल पोटाशी धरून म्हणाला, "भाऊ, मले गाडीत बसाचं होतं."

"मंग बस," मी म्हणालो.

"तुमी रागावले काय?"

"तुह्यावर नाई."

तो गेला अकोल्याला. दोन वर्षं पहिल्या टीममध्ये खेळला, चांगला खेळला, पुढं त्याच खेळावर त्याला नागपूरला नोकरी लागली. त्याचं भलं झालं, मला आनंद आहे. पण ज्या लोकांनी त्याला ती उडी उलट्या बाजूला टाकायला लावली त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. कारण उडी फार चांगली होती. त्या मैदानावर तेवढी चांगली उडी मी स्वतः कधी टाकली नव्हती.